थंड इंजिन बंद करू नये

प्रिय प्रतिवादी,

मुलीला सुट्टीत इकडे पाठवीत असल्याचे तुझे पत्र पोचले. तिला स्टेशनवरून आणायला आजोबांची गाडी येईल, असे तू तिला सांगून बसली आहेस, आणि मीही फोनवर मोठ्या तोऱ्यात होकार दिला होता. त्या होकाराविषयीच लिहायचे आहे. परंतु निष्कर्ष आधी आणि कारणे मागाहून, ही रीत मला कधी मानवली नाही. तेव्हा थोडा धीर धर.

गाडी सुरू होईना. स्टार्टर फिरे, पेट्रोलचा वास सुटे, आणि पुढे काही नाही. या गाडीचा स्वभाव तुला ठाऊक आहे. शाळेत जाताना मागच्या सीटवरून तू विचारायचीस, की जगाच्या गाड्यांत पिस्टन वरखाली होतात, मग आपल्याच गाडीत तिकोनी चकती गरगर का फिरते. आणि मी उत्तर दिले की त्या उत्तरालाच हरकत घ्यायचीस. प्रतिवादी हे नाव तुला तेव्हाच चिकटले. या रोटरी इंजिनाचा हट्ट एकच: सुरू केल्यावर तापमानाचा काटा वर चढेपर्यंत ते बंद करायचे नाही. थंड असतानाच बंद केले, तर आत साचलेल्या पेट्रोलने प्लग भिजतात आणि पुढच्या वेळी ते ढिम्म हलत नाही.

मेकॅनिकला बोलावले. प्लग ओलेचिंब निघाले. ठिणगी मात्र निळी, ठसठशीत. पेट्रोल फवारणारे इंजेक्टर गळत नव्हते. दोन्ही रोटरांचा, म्हणजे त्या तिकोनी चकत्यांचा, दाब मोजून तो म्हणाला, की साहेबांच्या दाबापेक्षा हा बरा आहे. मग त्याने पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढला, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून स्टार्टर फिरवला, आतले पेट्रोल बाहेर फेकून दिले, प्लग पुसून बसवले, फ्यूज जागेवर लावला. आणि पांढऱ्या धुराचा लोट सोडून गाडी सुरू झाली. जाताना त्याने सांगितले, की गाडीला काही झालेले नाही, कुणीतरी ती थंडच बंद करते आहे.

आयुष्यभर मी वर्गात हेच शिकवले: शक्यता एकेक करून खोडाव्यात, जी उरेल तिला शरण जावे. ठिणगी खोडली, पेट्रोल खोडले, दाब खोडला. उरला माणूस. तुझ्या काकाची स्कूटर माझ्या गाडीच्या मागे उभी असते. ती काढण्यासाठी तो गाडी चार हात पुढे घेत असेल, परत लावून बंद करत असेल. मी त्याला तसे स्पष्ट विचारले. तो म्हणाला, "दादा, तुझ्या गाडीला हात लावायचा तर आधी अर्ज करावा लागतो, कारणांसहित." मला ते उत्तर नव्हे, बगल वाटली. म्हणून मी किल्ली टेबलाच्या खणात ठेवली, खणाला कुलूप घातले, आणि त्या कुलपाची चावी माझ्या पाकिटात. दुसरी किल्ली तू लहानपणी हरवलीस, हे आपण दोघेही जाणतो.

त्यानंतरही प्लग भिजले.

काल सकाळी अंगणात मी काकाला पुन्हा धारेवर धरले. किल्ली माझ्याच कुलपात असताना त्याने गाडी सुरू केली कशी, अनुमानातली ही उघडी भेग मला दिसू नये, याचेच आज नवल वाटते. तुझी काकू कपडे वाळत घालत होती. तिने हातातली चादर परत बादलीत टाकली आणि म्हणाली, "दादा, तुम्हीच." मग खालच्या आवाजात तिने सांगितले, की मी इस्त्रीचा शर्ट घालून येतो, गाडी सुरू करतो आणि उतरून मागचे दार उघडतो. एकदा तिने विचारले, कुठे निघालात, तर मी म्हणालो होतो, "प्रतिवादीला शाळेत सोडायचंय. कुठं राहिली ती?" थोडा वेळ वाट पाहून मी दार लावले, इंजिन बंद केले, आत गेलो. तिला आधी चेष्टा वाटली. नंतर धीर झाला नाही. माझ्यापुढे बोलायचे म्हणजे पुरावा लागतो, असे ती म्हणाली.

तुझा काका एकही टोमणा वाया जाऊ देत नाही. त्याने बादलीतली ती चादर उचलली आणि स्वतःच दोरीवर टाकली. 

मला यातले काहीही आठवत नाही, अंधुकसेही नाही. साक्षीदार निःस्वार्थी आहे, खणाची चावी माझ्याकडे आहे, प्लग ओले आहेत. प्रतिपक्षाकडे एवढे असते, तर मी त्याच्यापुढे मान तुकवली असती. रात्रीपासून मी स्वतःला तपासतो आहे: पाढे येतात, तुझा जन्मदिवस येतो, व्याख्या येतात. जे येत नाही, ते येत नाही हे मला कळणार कसे? मेकॅनिकने दुरुस्त केलेली गाडी सुरू होत होती. मी ती थंडच बंद केली, म्हणून हे उघडकीला आले. काटा चढेपर्यंत एखादे दिवशी थांबलो असतो, तर फाटकाबाहेर कुठवर गेलो असतो? आणि मागच्या सीटवर तुझी मुलगी असती, तर तिला कोण समजून, कुठे नेले असते?

किल्ली मी आज काकूच्या हाती दिली आहे. ती मी तिच्याकडून परत मागेन, आणि ती देईल. माझ्यापुढे तिचे चालत नाही. म्हणून मुलीला एकटी पाठवू नकोस. तू सोबत ये, किल्ली तुझ्याकडे घे, मला डॉक्टरांकडे ने. तू येशील तेव्हा बहुधा मी शांत असेन आणि हे पत्र एका घाबरलेल्या दुपारी लिहिले गेले, असे तुला सप्रमाण पटवून देईन. माझ्या युक्तिवादात तुला एकही दोष सापडणार नाही. तरीही मान्य करू नकोस. जन्मभर माझ्या प्रत्येक उत्तरावर हरकत घेतलीस. ही एक मागे घेऊ नकोस.

तुझाच, या वादात हरू इच्छिणारा,
बाबा