आईच्या खोलीतली काळी भिंत

३ मे

बुरशी! आईच्या खोलीत, एसीच्या बरोबर खाली. आधी चार ठिपके वाटले. कपाट सरकवलं तर अख्खी भिंत काजळ घालून बसलेली. आई खोकते आणि वर मलाच समजावते, "वयाचा खोकला आहे रे." वय भिंतीवर उगवत नाही, आई!

४ मे

भिंत ब्लीचने घासली. डोळे माझे चुरचुरले, भिंत ढिम्म. बायको म्हणाली, "श्लोक म्हणून बुरशी जात नाही." श्लोक कसले, शिव्या देत होतो. देववाणीत दिल्या की घरात कुणी हरकत घेत नाही, एवढाच माझ्या संस्कृतच्या शिक्षणाचा उपयोग.

७ मे

एसीवाला आला. शिडी आणली नाही, आमच्याच खुर्चीवर चढला, वर पाहिलं न पाहिलं आणि — "गॅस कमी आहे, साहेब." अरे, पाणी जास्त आहे! "तेच ते." गॅस भरून गेला. तासाभरात भिंतीवरून पुन्हा धार. आता फोन उचलत नाही. शठ!

८ मे

जिन्यात खालच्या मजल्यावरची दुर्वासीण भेटली. (नामकरण माझं.) मागच्या महिन्यात दारात येऊन कडाडली होती, "तुमच्या एसीचं पाणी माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं!" मी शांतपणे म्हणालो, पाणी खालीच पडतं बाई, हा नियम मी केलेला नाही, कपडे आत वाळवा. तेव्हापासून चकार शब्द नाही. आज तिने मान वळवली. मीही वळवली — जरा जास्तच. या इमारतीत जिंकलेलं माझं हे एकमेव भांडण.

११ मे

डॉक्टर म्हणाले, "छातीत घरघर आहे. त्या खोलीत झोपवू नका." आईला बाहेरच्या खोलीत आणलं. कुरकुरतेय, "माझी खिडकी तिकडे राहिली." चष्मा हातात धरून फिरते, त्याची निळी दोरी म्हणे हरवली. नवी आणतो म्हटलं तर "नको, सापडेल."

भिंत, एसीवाला, दुर्वासीण — तिघांवर दात-ओठ खातोय. दात तरी किती दिवस पुरणार!

१२ मे

बायको आईची खिडकी पुसत होती. एकदम हाक, "अहो, इकडे या. बोलू नका, नुसतं बघा."

एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी. खाली लोंबायला हवी, ती वर वळवून खिडकीच्या गजाला करकचून बांधलेली. पाणी जाणार कुठे? आल्या वाटेने परत, घरात.

दोरी निळी.

"आई, का गं?"

"त्या बाईंचे कपडे भिजत होते ना."

"मग मला सांगायचंस!"

ती पदराने... नाही, बोटानेच चष्म्याची काच पुसत राहिली. "सांगितलं असतं तर तू पुन्हा जिंकला असतास. त्यापेक्षा खोकला परवडला."

१३ मे

नळीला जोड लावून पाणी पन्हाळीच्या पाइपात सोडलं. मग खाली गेलो. तोंडात वाक्य जुळवत बेल वाजवली. दार उघडून त्याच आधी बोलल्या, "आईंचा खोकला दोन दिवस ऐकू आला नाही हो. बऱ्या आहेत ना?"