लेस्टरच्या आगगाड्या आता वेळेवर येतात

१ फेब्रुवारी, रविवार

एक कोडं. एका परदेशातून दुसऱ्या परदेशात गेलेल्या मराठी मंडळींत जो कोणी चहाला बसला असेल, त्याच्या ते ध्यानात आलं असणार. लेस्टरला होतो तेव्हा अविनाश रोज संध्याकाळी दारातच बूट काढून भिरकावायचा आणि आगगाडीच्या नावानं बोटं मोडायचा. आज न्यूझीलंडात, हिल्सबरोच्या आमच्या घराच्या डेकवर कप हातात धरून तोच नवरा पाहुण्यांना सांगत होता, "गाड्या म्हणजे इंग्लंडच्या! घड्याळ लावून घ्यावं." म्हणजे आम्ही तो देश सोडला आणि तिथल्या आगगाड्या वेळेवर येऊ लागल्या. हे घडलं कसं?

एरवी हसून सोडून दिलं असतं. पण गेल्या महिन्यात तो हॉस्पिटलमधून निवृत्त झाला आणि उरलेलं आयुष्य लेस्टरला काढायचं त्याच्या मनानं घेतलं. हे घर विकायचं. सोळा तारखेला, सोमवारी, एजंटला बोलावून मोकळा झाला आहे. माझा होकार तेवढा बाकी, आणि तो मिळालेलाच आहे अशा थाटात तो वावरतो.

लेकीला, ईराला, हॅमिल्टनला फोन केला. ती नेहमीप्रमाणे इंग्रजीत, "आई, डू यू वॉन्ट टू गो?" मी म्हटलं, आमटी उतू जातेय, नंतर बोलते. आमटी केलेलीच नव्हती.

४ फेब्रुवारी, बुधवार

सुधीर बापट आला होता. हाही लेस्टरमार्गे आलेला, अविनाशचा तिथपासूनचा मित्र. बॉटनी डाउन्सला राहतो, कंप्यूटरमध्ये आहे, आणि बोलतो मात्र एखाद्या निवृत्त स्टेशनमास्तरासारखा.

"वहिनी, ते डब्यांचे दरवाजे आठवतात? आतून कडीच नाही! खिडकी खाली करायची, हात बाहेर काढायचा आणि बाहेरची मूठ फिरवायची."

"आठवतात."

"काय रुबाब होता हो त्यात!"

रुबाब! डोंबल. त्यात होतं ते एक अतिशय सुंदर तत्त्व, आणि ते या दोघांपैकी एकालाही ठाऊक नाही. धोक्याची कृती माणसाच्या हातून चुकून होऊ नये असं वाटत असेल, तर पाटी लावण्यापेक्षा ती कृती अवघड करून ठेवावी. आतल्या मुठीला धावत्या गाडीत कुणाचं कोपर लागू शकतं. खिडकी उतरवून बाहेर हात घालणं मात्र चुकून होत नाही. पॉलिटेक्निकमध्ये वर्षानुवर्षं मी पोरांना यंत्राची सुरक्षा शिकवली ती याच दरवाजापासून, आणि दर वर्षी मला नव्यानं मजा वाटली.

पण त्या तत्त्वाची दुसरी बाजूही आहे. दर स्टेशनाला खिडकी उतरायची आणि जानेवारीतला बर्फाळ पाऊस दाराशेजारी बसलेल्याच्या मानेत शिरायचा. त्या जागेवर कॉलर वर करून मराठीत अर्वाच्य शिव्या देणारा इसम कोण होता? सुधीर बापट.

हे मी बोलले. दोघं हसले. "तू पण ना," अविनाश म्हणाला. पुढे विषय दोन नळांचा. बेसिनला गरम पाण्याचा नळ वेगळा, गार पाण्याचा वेगळा. एकाखाली हात भाजतो, दुसऱ्याखाली बधिर होतो. या गैरसोयीला त्यांनी आज 'परंपरा' असं नाव दिलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

वाइतांगी डेची, म्हणजे इथल्या राष्ट्रीय दिनाची, सुट्टी. बापटांकडे नव्या गाडीची पूजा. 'नवी' म्हणजे आमच्या सगळ्यांच्या लग्नांपेक्षा जुनी: विलायती, बुटकी, लाल. सुधीर आणि अविनाश दोघांनी मिळून घेतली, पुकेकोहेच्या एका कांदेवाल्याच्या शेडमधून. जायच्या आधी सबंध न्यूझीलंड हिच्यातून फिरणार म्हणे. अंगणात सगळी इंग्लंडकर मंडळी, वीस जणांचे वीस सुस्कारे. "अगदी अश्शीच होती आमच्याकडे!" कुणाकडेही नव्हती. आमची करडी होती. थंडीत ती ढकलावी लागे. ढकलणारी मी. स्टिअरिंगमागे डॉक्टरसाहेब.

मंजिरीनं, सुधीरच्या बायकोनं, चाकाखाली लिंबं ठेवली, कुंकवाचं स्वस्तिक काढलं. इथवर ठीक. मग सुधीरनं नारळ उचलला आणि थेट पुढच्या बंपरवर आपटला. नारळ फुटला, टाळ्या पडल्या, पाणी जाळीतून आत गेलं. वर उत्साहाच्या भरात तांब्यातलं उरलेलं पाणीही जाळीवरच ओवाळून टाकलं.

"बसा डॉक्टर! मोरया!"

किल्ली फिरवली. खर्र, खर्र. पुन्हा खर्र. मग काहीच नाही. कुणीतरी म्हणालं, मुहूर्त चुकला.

मुहूर्त नव्हे, जागा चुकली. ही गाडी आखूड व्हावी म्हणून तिचं इंजिन आडवं बसवलेलं असतं. त्यामुळे डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला आळीपाळीनं ठिणगी पोचवणारी डबी, येतो सर्वांत पुढे, जाळीच्या अगदी मागे. त्यावर पाणी पडलं की वीज जायच्या तिथे न जाता ओलाव्यावरून भलतीकडेच पळते. ज्या देशात बारा महिने पाऊस, त्या देशानं पाण्याचं सर्वांत वावडं असलेली वस्तू पावसाच्या तोंडाशी मांडली! यावर अर्धा तास प्रेमानं बोलता येईल. मागितली असती तर सूचना आधीच दिली असती. मागितली नाही. इंग्लंड या विषयात इथे सगळेच पारंगत.

मंजिरीकडून हेअर ड्रायर आणि कोरडं फडकं घेतलं. झाकण उतरवलं, आतून पुसलं, वाळवलं, बसवलं. पहिल्या किल्लीला सुरू.

अविनाश खिडकीतून डोकं काढून ओरडला, "बघा! तिकडेसुद्धा हीच सुरू करायची! काय हसायचो आम्ही!"

मी हसत नसे.

८ फेब्रुवारी, रविवार

हे 'काय हसायचो' डोक्यातून जात नाही. आठवून पाहिलं, शिस्तीत, एकेक हिवाळा घेऊन. एकदा हसले होते. गाडी अचानक सुरू झाली, मी बर्फात पालथी, आणि तो काचेतून मागे बघतोय, चेहरा असा की आता आपल्याला फाशीच. खूप हसले होते.

एकदाच.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

जेवताना नीट समजावून सांगितलं. तुला इंग्लंडची आठवण येत नाही, तुला तिशीची आठवण येते. तेव्हा गुडघे दुखत नव्हते, आई-वडील होते, ईरा मांडीत मावत होती. मेंदू हे सगळं एका गाठोड्यात बांधतो आणि वर जे चित्र हाताला लागेल ते डकवतो. तुझ्या गाठोड्यावर आगगाडी डकवली गेली आहे. लेस्टरला गेलास तर आगगाडी मिळेल, तीही उशिरा. गाठोडं मिळणार नाही.

फार स्पष्ट मांडणी झाली असं वाटलं.

तो पोळीचा तुकडा वाटीत बुडवून बसला. मग म्हणाला, "बरोबर असेल तुझं. पण इथे मला ओळखतं कोण? हॉस्पिटल सुटलं आणि फोन वाजायचा थांबला. कोपऱ्यावरचा दुकानदार 'मॉर्निंग, डॉक' म्हणतो, तेवढंच. तिकडे माणसं होती."

"तिकडे तरी कोण आहे आता?"

"आहेत."

"कोण?"

"आहेत गं."

मी उठून भांडी पुसत बसले. ती कोरडीच होती.

१५ फेब्रुवारी, रविवार

एजंट उद्या. झोप नीट झाली नाही, पण एक पद्धत सुचली. मतावर मत आपटून निकाल लागत नसेल, तर मोजता येईल असं काहीतरी शोधावं.

पोहे वाढताना म्हटलं, "लेस्टरच्या एका माणसाला आत्ता फोन लाव. मराठी नको, नातेवाईक नको. आणि आपण येतोय हे सांगायचं नाही. काही काम नसताना लाव."

"आत्ता? काय बोलू?"

"तेच तर बघायचं आहे. तिकडे शनिवारची संध्याकाळ आहे, लोक घरी असतील."

"तुझा प्रयोग होतो आणि माझी शोभा."

"मी ऐकणार नाही. आत जा."

चष्मा शोधण्यात वेळ काढला. पोहे पुन्हा घेतले. मग फोन घेऊन खोलीत गेला आणि दार ओढून घेतलं. बराच वेळ काही नाही. मला वाटलं, संपलं. आणि खरं सांगायचं तर जिंकल्याचा आनंद झाला नाही. तेवढ्यात त्याचा आवाज, हॉस्पिटलच्या वॉर्डात असायचा तसा मोठा: "येस, येस, द डॉक्टर! नो, नो, नॉट ऑस्ट्रेलिया!" आणि हसू. अजून बोलतोच आहे. पोह्यांची ताटली तशीच पडली आहे.

पलीकडचा माणूस उचलल्या उचलल्या काय म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही. सगळं त्या पहिल्या वाक्यावर आहे. बाहेर आला की विचारीन, आणि तो खोटं सांगणार नाही.

प्रयोग सोपा आहे, कुणालाही घरबसल्या करता येईल. ज्या गावावाचून आपलं अडतं असं वाटतं, तिथल्या एका माणसाला काही काम नसताना फोन लावायचा आणि त्याचं पहिलं वाक्य ऐकायचं. "काय काम होतं?" असं म्हणाला, तर त्या गावात आपलं नुसतं घर होतं. "होतास कुठे इतके दिवस?" असं म्हणाला, तर खुशाल परत जावं.

आणि प्रयोग एकाच गावावर करून निष्कर्ष काढता येत नाही, हे मीच शिकवत आले. हिल्सबरोसाठी नाव शोधते आहे. ईरा नको, बापट नकोत. कुंपणापलीकडे मॅरियन आहे. लिंबं देते, मी चटणी देते, कधी फोन केलेला नाही. नंबर सापडला.

लावते आहे.