घुंगरांची पावती

क्लेमेंटी, सिंगापूर
१७ ऑगस्ट २००८

प्रिय बाबा,

हे पत्र मेधावहिनी तुम्हाला वाचून दाखवत असणार, म्हणून आधी तिलाच सांगते. वहिनी, मधलं काही गाळू नकोस, आवाज खाली आणू नकोस, आणि बाबा उठून जायला लागले तर त्यांची काठी जरा लांब ठेव. बाबा, नमस्कार. सात महिने झाले, तुम्ही फोनवर आला नाहीत. प्रबोधदादा दर रविवारी सांगतो की तुम्ही देवळात गेला आहात. एवढं देवदर्शन आई असताना केलं असतंत तर तिला केवढा आनंद झाला असता! तुम्ही रागावला आहात हे मला कळतं. पण रागावलेल्या माणसाच्या दारातही पोस्टमन येतोच, म्हणून लिहिते आहे.

आधी खुशाली. माझी तब्येत ठणठणीत आहे. ऋता आणि मी अजून याच फ्लॅटमध्ये राहतो. ती नाशिकची, बँकेत अकाउंट्स बघते आणि घरी माझ्या फोडणीवर टीका करते. खालच्या हॉकर सेंटरमधले, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांमधले, कॉफीवाले अंकल मला आता न विचारता कमी साखरेची कॉफी देतात. निशिकांत सेम्बावांगचं शिपयार्ड सोडून दुबईला गेल्याचं ऐकलं. घटस्फोटाला पाच वर्षं झाली, त्यामुळे त्याने तिथे काय करावं याची मला काळजी उरलेली नाही. शिपिंग ऑफिसातली माझी नोकरी गेली तेव्हा तुम्ही परत ये म्हणाला होतात. मी आले नाही, कारण इथे मला माझ्या नावाने ओळखतात, आणि तिथे मी टाकलेली म्हणून ओळखली गेले असते. त्या निर्णयाचा मला एक दिवसही पश्चात्ताप झालेला नाही.

दिवाळीत ओसरीवर बसून मी तुम्हाला माझं काम सांगायला लागले, तर तुम्ही पुढे बोलूच दिलं नाहीत. आज नीट सांगते. सकाळी आठला, म्हणजे अमेरिकेत आदल्या दिवशीची संध्याकाळ असते तेव्हा, मी नऊवारी नेसते, घुंगरू बांधते आणि संगणकाच्या कॅमेऱ्यासमोर उभी राहते. कुठल्या कुठल्या देशांतले लोक मिनिटाच्या दराने पैसे भरून मला बघतात. मी नाचते, गाते, त्यांच्याशी गप्पा मारते. वेबसाइट आपला वाटा कापून घेते, उरलेलं मला पाठवते. अंगावरचं काही उतरत नाही. ज्यांना तसलं हवं असतं ते मागतात, मी नाही म्हणते, ते शिव्या देऊन निघून जातात. पण ज्या बायका ते करतात त्यांच्याहून मी वरच्या पाटावर बसले आहे, असं काही मी म्हणणार नाही. सकाळी कॅमेरा सुरू करण्याआधी मी दाराची कडी दोनदा तपासते, तशी त्याही तपासत असणार. माझ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांत कॅनडातले एक म्हातारे शिक्षक आहेत. बायको गेल्यापासून त्यांना एकट्याने जेववत नाही. ते आपलं ताट घेऊन बसतात आणि मी नवी बसवलेली लावणी त्यांना दाखवते. ते चमच्याने टेबलावर ठेका धरतात, आणि तीन वर्षांत एकदाही तो बरोबर पडलेला नाही.

एवढंच सगळं. यातलं पाव ऐकून तुम्ही उठलात आणि म्हणालात, गावात कुणी विचारलं तर कॉम्प्युटरचं काम म्हणून सांग. मी मान डोलावली. मग जानेवारीत दादाने कळवलं की तुमचे दोन्ही मोतीबिंदू पिकले आहेत, पेपरातला मथळाही दिसत नाही. मी त्याच दिवशी ऑपरेशनचे पैसे पाठवले. आठवड्याभरात ते परत आले. तो पैसा या घरात नको, असा तुमचा निरोपही दादाने दिला. बाबा, निशिकांतने घर सोडलं तेव्हा मी रडले नव्हते. त्या दिवशी रडले. ऋताने दोन वेळा भात केला आणि दोन्ही वेळा मी तो टाकून दिला.

तुम्हाला संजीवनीबाई आठवतात का? नक्की आठवत असतील. एसटी स्टँडसमोर तुमची ती दहा बाय दहाची कचेरी, करसल्लागार अशी पाटी, आणि मार्चअखेरीची गर्दी. तेव्हाच नारायणगावात तमाशाच्या राहुट्या पडायच्या, गावोगावचे पुढारी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला यायचे, आणि फडाच्या मालकिणी कागदांची पिशवी घेऊन तुमच्याकडे. बाई आली की तुम्ही खुर्ची द्यायचात, अगदी समोर बसलेल्या बागायतदाराला उठवून. मी दहा वर्षांची असेन, टेबलाखाली बसून टाचण्या वेचत होते. संजीवनीबाईंचा भाऊ दिलीप हट्ट धरून बसला होता की उत्पन्न शेतीचं म्हणून दाखवा. शेतीला कर नाही ना, त्यामुळे अर्ध्या तालुक्याचं उत्पन्न कागदावर शेतातच पिकायचं. शिवाय फडाचं नाव कशाला लावायचं, असंही त्याच्या मनात असणार. तुम्ही त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. बाईंना विचारलंत, दोन एकरांत एवढी बाजरी येते का हो बाई? आणि मग म्हणालात, नाचायचं तुम्ही आणि नाव बाजरीचं? फॉर्म पुढे ओढून तुम्ही तुमच्या त्या बारीक मोत्यासारख्या अक्षरात लिहिलंत, कलावंत. बाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते तुमच्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि त्या अक्षरावर अलगद बोट ठेवलं. मी टेबलाखालून डोकं बाहेर काढलं होतं, मला त्यांचा चेहरा दिसत होता.

आता माझा गुन्हा ऐका. पहिली दोन वर्षं मी हे उत्पन्न इथल्या सरकारला दाखवलंच नाही. कंपनी परदेशी, बघणारे परदेशी, मग यांचा काय संबंध, अशी मनाची समजूत घातली होती. करसल्लागाराची लेक! खरं कारण एवढंच होतं की उत्पन्न दाखवायचं तर धंद्याचं नाव लिहावं लागतं. तुम्ही पैसे परत केलेत तेव्हा मात्र मी हट्टाला पेटले. माझा पैसा सरळ आहे हे कागदावर दाखवायचं ठरवलं आणि स्वतंत्र धंदा करणाऱ्यांचा तो फॉर्म घेऊन बसले. आणि बाबा, व्यवसायाच्या रकान्यात मी काय लिहिलं असेल? कॉम्प्युटर सेवा. तुम्ही सांगितलं होतंत तेच, शाईने.

ऋता शेजारी बसून खर्चाच्या पावत्या तपासत होती. कॅमेरा, चालेल. दिवे, चालेल. इंटरनेटचं बिल, चालेल. मग तिच्या हातात घुंगरांची पावती आली, पुण्याच्या दुकानाची, दोन जोड. तिने फॉर्मकडे बघितलं, पावतीकडे बघितलं, आणि विचारलं की तुझा संगणक कुठल्या पायात बांधतो गं घुंगरू? आम्ही इतक्या हसलो की वरच्या मजल्यावरच्या बाईने जमिनीवर काहीतरी आपटलं. हसता हसता माझंच हसू थांबलं. नाचायचं तुम्ही आणि नाव बाजरीचं, हे मला तुमच्या आवाजात ऐकू आलं. मी तो फॉर्म फाडला.

दुसऱ्या दिवशी मी कर कार्यालयात जाऊन नवा फॉर्म घेतला आणि राहिलेल्या दोन वर्षांचीही कबुली दिली. काउंटरवर निवृत्तीला आलेल्या चिनी बाई होत्या. त्यांनी काम काय ते विचारलं. मागे रांगेत माणसं होती, आपल्याकडचे दोघेतिघे दिसत होते, मरीन परेडचे कुलकर्णी तर गणपतीला माझ्या शेजारी आरतीला उभे असतात. मी मोठ्याने सगळं सांगितलं. घुंगरू म्हणजे काय हे त्यांना कळेना, म्हणून पिशवीतून काढून काउंटरवर ठेवले. ते वाजले आणि सगळी रांग बघायला लागली. त्या बाई म्हणाल्या, "परफॉर्मर तर परफॉर्मर लिही. नो नीड टू शाय, लाह." इथलं लाह म्हणजे आपलं गं. मला त्यांना नमस्कार करावासा वाटला. मागच्या दोन वर्षांचा कर भरला, दंडही भरला, आणि बाहेर येऊन कुलकर्ण्यांना स्वतःहून विचारलं, काका, कसे आहात? त्यांनी बिचाऱ्यांनी हवापाण्याबद्दल बरंच सांगितलं. खर्चात नऊवारी धरली, घुंगरू धरले. गजऱ्याचे पैसे मात्र मी खर्चात धरले नाहीत, गजरा मी माझ्यासाठी माळते.

बाबा, तुम्ही आयुष्यभर हजार लोकांना सांगितलंत की लपवू नका. एकालाच लपवायला सांगितलंत आणि ती मी निघाले. याचं मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. पण तुम्ही शिकवलं ते मी तुमच्या म्हणण्यापेक्षा मोठं मानलं, म्हणून आज मान वर करून लिहिते आहे. सोबत ऑपरेशनचा ड्राफ्ट आहे. जानेवारीत परत केलात तेवढ्याच रकमेचा, फक्त आता त्यावरचा कर भरून झाला आहे. दुसरा कागद माझ्या फॉर्मची झेरॉक्स आहे. व्यवसायाच्या रकान्यात जे इंग्रजीत लिहिलं आहे त्याच्याखाली मी पेन्सिलीने मराठीतही लिहिलं आहे, एकच शब्द, तुमच्या वळणाने, अगदी बारीक अक्षरात. वहिनी, तो कागद तू वाचून दाखवायचा नाहीस, दादानेही नाही. बाबांच्या उशाखाली ठेव. बाबा, तो शब्द तुम्ही स्वतः वाचायचा आहे, दोन्ही डोळ्यांची पट्टी सुटल्यावर. आणि वाचून झाला की त्यावर एकदा बोट ठेवा.

तुमचीच,
चैताली