बॉबीनला धीट करायचं आहे

४ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी सगळ्यांची विचारपूस केली. सूनबाई: नाक चोंदलंय, पण तोंड चालू, म्हणजे बरी आहे. नात: गुडघ्यावरची खपली उचकटून मला दाखवली, ठणठणीत. चिरंजीव जहाजावर: कालच मेसेज आला, पोट आता ठीक. समोरचा चष्मेवाला: गुडघे गेले, जीभ शाबूत. शिलाई मशीन: पायडल कुरकुरतं, वयोमान. मी: उत्तम. झोप सोडली तर अगदी उत्तम.

नातीला मी बॉबीन म्हणतो. नऊ वर्षांची, मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळासारखी सारखी गरगर फिरते. गेल्या महिन्यात तिला शाळेतून आणताना लाँड्रीच्या वळणावर एका करड्या जॅकेटवाल्याने मला ढकललं आणि पिशवी हिसकावली. पिशवीत काय, तिचा रिकामा डबा. मी खाली बसलो. मुद्दाम. उभा राहिलो असतो तर प्रकरण वाढलं असतं. बॉबीन मात्र जोरात किंचाळली आणि तो पळाला. तेव्हापासून पोर घाबरलेली आहे. दाखवत नाही, पण मला कळतं. म्हणून शाळेतून आता तिला लांबच्या रस्त्याने आणतो.

संकल्प: तिला धीट करायचं. चांगल्यातला चांगला कराटे-बिराटेचा क्लास मी स्वतः निवडणार. या आठवड्यात.

५ फेब्रुवारी, मंगळवार
पहिला क्लास, कराटे, फर्निचरच्या दुकानावर. सर बराच वेळ आपली पदकं सांगत होते. मी त्यांची बाही उलटी करून बघितली. माझा जन्म शिवणकामात गेला. शिकवायला कोणी नव्हतं, दुसऱ्यांचे कपडे उसवून उसवून शिकलो. कपडा आतून बघितला की माणूस कळतो. काखेला कळीचा जोडतुकडाच नाही! हात वर गेला की टर्रकन जाणार. ज्याचं स्वतःच्या काखेकडे लक्ष नाही, त्याचं पोरीकडे काय असणार? सर म्हणाले, आजोबा, बाही सोडा. नापास.

येताना मागे कोणीतरी चालत होतं. दुकानाच्या काचेत बघितलं. तेच करडं जॅकेट. छातीशी चेन वाकडी बसवलेली, तीही काळ्या दोऱ्याने. तो दोरा मी जन्मात विसरणार नाही. वळलो, तर रस्ता मोकळा. काचेच्या आत पुतळा उभा होता. दुकान कपड्यांचं आहे.

७ फेब्रुवारी, गुरुवार
चष्मेवाल्याने पँट आखूड करायला आणली. करडी. मशीन बिघडलंय म्हणून सांगितलं. तो म्हणाला, आत्ता तर आवाज येत होता. मी म्हटलं, तोच बिघाडाचा आवाज. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पँट तिथेच ठेवून गेला. नंतर ती मी कपाटात ढकलली आणि कडी लावली.

मशीन खिडकीपासून हलवलं. आता पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. कोण येतं जातं ते दिसतं, गिऱ्हाइकांना बरं. सूनबाई म्हणाली, बाबा, उजेड तर खिडकीत होता. आता दिवसाही दिवा लागतो. डोळ्यांना दिवाच मानवतो.

९ फेब्रुवारी, शनिवार
ज्युडो. बाई शिकवतात. पोशाख बघून डोळे निवले! दुहेरी शिलाई, गळपट्टी गोधडीसारखी टाचलेली. ओढून बघितली, हलली नाही. बाई हसल्या. बॉबीन चटईवर दोन कोलांट्या मारून आली आणि म्हणाली, इथेच.

सगळं जमलं होतं. एकच अडचण, आज रिक्षाने गेलो, पण पायी रस्ता लाँड्रीच्या वळणावरून जातो. मी सूनबाईला म्हटलं, पोरीला एवढा चढ झेपायचा नाही. ती म्हणाली, बाबा, रस्ता सपाट आहे. डोळ्याला सपाट दिसतो, पायाला कळतं. पुढचा क्लास बघू.

१२ फेब्रुवारी, मंगळवार
तायक्वांदो, एका शाळेच्या हॉलमध्ये. सर बरे, शिलाई बेताची. तेवढ्यात खुंटीकडे लक्ष गेलं. करडं जॅकेट. बॉबीनचा हात धरला आणि मागच्या दाराने सायकल स्टँडमधून थेट घर. वाटेत ती म्हणाली, आजोबा, माझे बूट. बूट राहिले. पण रडली नाही, उलट मोज्यांवर उड्या मारत आली. धक्का फार खोल असणार.

संध्याकाळी सूनबाई बूट घेऊन आली. म्हणते, जॅकेट झाडणाऱ्या मावशींचं आहे आणि गुलाबी आहे. ट्यूबलाइटखाली रंग फिरतो, हे आता शिंप्याला शिकवणार? मावशींनी विचारलं म्हणे, आजोबांना बरं वाटतंय ना?

१४ फेब्रुवारी, गुरुवार
मला न विचारता सूनबाईने ज्युडोत नाव घातलं. रागावलो नाही. शिलाई मीच पसंत केली होती, म्हणजे निवड माझीच. शनिवारी पहिला तास. न्यायला ती, आणायला मी. हो म्हटलं. छाती काढून म्हटलं.

बेत: लवकर निघायचं. टोकाची छत्री घ्यायची. वळणावर तो दिसलाच तर डोळ्याला डोळा भिडवून पुढे जायचं. पोरीने बघितलं पाहिजे, धीट माणूस कसा चालतो.

१६ फेब्रुवारी, शनिवार, दुपार
निघतोय. छत्री चार वेळा उघडून मिटून बघितली. काड्यांचा भरवसा नाही.

१६ फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळ
वळणापाशी वेळेआधी पोचलो. तिथे टेम्पो उभा होता. त्याच्या आडोशाला थांबलो. पलीकडे कोण आहे ते बघूनच जाणं शहाणपणाचं. लाँड्रीच्या खिडकीतून वाफ येत होती. वाफेत माणूस. वाफ विरली, माणूस नाही. पुन्हा वाफ, पुन्हा माणूस. म्हटलं, पुढची वाफ गेली की निघू. ती गेली, म्हटलं, आता पुढची.

क्लास सुटून गेला.

मग त्याच वाफेतून बॉबीन आली. एकटी. त्या वळणावरून, एकटी. टेम्पोमागे मला बघून थांबली. वाटलं, रुसेल. रडेल. तिने माझी छत्री घेतली, दुसऱ्या हाताने माझा हात धरला आणि म्हणाली, आजोबा, तुम्ही भिंतीच्या बाजूने चला, मी बाहेरून चालते.

घरी आल्यावर मी छत्री कपाटात ठेवली आणि कडी लावली.

१८ फेब्रुवारी, सोमवार
ज्युडोच्या बाईंचा सूनबाईला फोन. मुलीला एकटी सोडली, चूक झाली, म्हणाल्या. पण ती शपथेवर सांगत होती की आजोबा दारातच उभे आहेत.

बाईंनी आणखी एक सांगितलं. पहिल्या तासाला त्या प्रत्येक मुलाला विचारतात, तू इथे का आलास. एकाला रंगीत पट्टा हवा होता. एकाला दादाला लोळवायचं होतं. बॉबीन म्हणाली, मला रोज शाळेतून आजोबांना घरी आणायचं असतं.

सूनबाईने हे कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगितलं, माझ्याकडे न बघता. मग म्हणाली, बाबा, यापुढे आणायलाही मीच जाईन. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिने शेजारून माझ्या पाठीवर हात ठेवला.

चिरंजीवांना मेसेज लिहिला. आधी लांबलचक होता, क्लासची चौकशी, शिलाई, सगळं. ते खोडलं. राहिलं ते एवढं: तुझी पोर धीट आहे, ती आधीपासूनच होती. मला त्या रस्त्याची भीती वाटते रे. कसं करू, कळत नाही. बंदर लागायची वाट बघू नकोस, लवकर लिही.