वीस लिटर की चाळीस

गुरुवार, १४ मे, तिरोडा

आज गोंदियाला जाऊन गाडीत ठेवायचा फ्रीज पाहून आलो. शोभाचं इंजेक्शन थंड ठेवावं लागतं. थर्मासमध्ये बर्फ भरून आम्ही नागपूरच्या पुढे कधी गेलोच नाही. रिटायर झाल्यावर समुद्र दाखवतो, असं तिला सांगून ठेवलं होतं मी.

चार दिवस माझ्या डोक्यात घोळत होतं, तेच दुकानदारानं विचारलं, "बीस लीटर का दूँ या चालीस का?" दोघांपुरता वीसचा पुरे. गाडीच्या बॅटरीवर चालतो, बर्फाची कटकट नाही. मोबाइलवर फोटो काढून आणला.

शोभानं फोटो नीट पाहिला. मग म्हणाली, "कायले घेऊन राहिले? डॉक्टरनं ते इंजेक्शन सोमवारीच बंद केलं. आता त्याचा उपयोग नाही म्हणे."

सोमवारी मी खाली औषधांच्या रांगेत होतो. ती एकटीच डॉक्टरसमोर बसली होती. एकटीनं कसं ऐकलं असेल तिनं? आणि तेव्हापासून मी रोज तिच्यापुढे वीस लिटर की चाळीस, हेच बोलत बसलो. एकदाही तिचा चेहरा पाहिला नाही.

"मले काऊन नाही सांगितलं?"

"किती दिवसांनी खुशीत दिसले तुम्ही. सांगवलं नाही."

मी तिच्याजवळ जाऊन बसलो. थोड्या वेळानं तिनंच माझा चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत डोळ्यांवर चढवून दिला.