सेव्ह फाइल आणि घरचा भेदी

३ मार्च
नवा कॉम्प्युटर आला. जुना रविवारी मेव्हण्याकडे जाणार. त्याआधी त्यातला माझा किल्ल्यांचा गेम इकडे आणायचा. दोन वर्षांत एकतीस किल्ले घेतले. काही तर कधी घेतले तेही आठवत नाही, इतका हात बसलाय. ही म्हणाली, कुणाला तरी विचारा. म्हटलं, पाच मिनिटांचं काम.

४ मार्च
गेमचं अख्खं फोल्डर कॉपी केलं. साडेतीन तास. नव्यावर उघडलं तर 'नवा खेळ सुरू करा'. मला! खेळ कुठवर आला ते जपणारी सेव्ह फाइल गेमच्या फोल्डरात नसतेच म्हणे. शुद्ध दगा.

५ मार्च
डॉक्युमेंट्स धुंडाळलं. विजेची बिलं, माझा अर्धवट कवितासंग्रह. सेव्ह नाही. कुणाला विचारणार नाही.

६ मार्च, सकाळी ११
ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याला विचारलं. मित्रासाठी, असं सांगून. तो म्हणाला, मित्राला सांगा, युजरच्या फोल्डरात 'ॲपडेटा' असतं, पण लपवलेलं. आधी 'हिडन आयटम्स'वर टिक करा. म्हणजे माझंच सामान, माझ्याच घरात, माझ्यापासून लपवलेलं!

संध्याकाळी ७
सापडलं! काखेत कळसा. एकतीस फाइली, किल्ल्यागणिक एक, प्रत्येकीपुढे तारीख आणि वेळ. सगळ्या नव्यावर आणल्या. ऊर भरून आला.

७.२०
मंगळवार, दुपारी पावणेतीन. गुरुवार, दुपारी सव्वातीन. त्या वेळी मी ऑफिसात असतो. व्हायरस असावा.

७.४०
व्हायरस नाही. बायको. शांतपणे म्हणाली, तुम्ही अडकलात की घरभर चिडचिड करायचात, म्हणून जरा पुढे नेऊन ठेवायचे. जरा! बावीस किल्ले! आणि दोन वर्षं तोंडातून ब्र नाही? तर म्हणे, त्याच लढाया तुम्ही रोज मला रंगवून सांगत होतात, मग कसं सांगणार.

७ मार्च
एकतीसच्या एकतीस फाइली उडवल्या. दोन्ही कॉम्प्युटरांवरून. तत्त्वाचा प्रश्न आहे. आता स्वबळावर. त्यातल्या नऊ तुमच्या होत्या ना, असं हिने विचारल्यावर लक्षात आलं.

८ मार्च
मेव्हणा जुना कॉम्प्युटर घेऊन गेला. पहिला किल्ला. पुलावर चौदा वेळा मेलो. माउस खराब आहे.

संध्याकाळी ६
सतराव्यांदा मेलो. ही चहा ठेवायला आली ती मागेच उभी राहिली. म्हणाली, तो पूल आधी पाडायचा असतो. मग म्हणाली, सरका.
सरकलो.