विनूचे चार रविवार

शनि. २८ जुलै २०१२, पासिर रिस

भावजयीचा, उज्ज्वलाचा फोन. विनूचा कार्यक्रम लागणार आहे. फेब्रुवारीत वाहिनीवाले इस्लामपूरला त्याच्या गुरांच्या दवाखान्यात येऊन चित्रीकरण करून गेले होते. शेतकऱ्यांसाठीचा सकाळचा कार्यक्रम, विषय वासरांचं संगोपन, चार भाग. ५ ऑगस्टपासून चार रविवार, तिकडचे साडेसात, म्हणजे इथले दहा. विनूला जाऊन आज तीन महिने सात दिवस.

फोन स्पीकरवर होता, आई शेजारी. तिने एवढंच विचारलं, "इथे दिसेल का?"

इथल्या केबलवर ती वाहिनी नाही. नेटवरही नाही. डिशची तबकडी लावली तर दिसेल, पण इथे लायसन्सशिवाय लावता येत नाही, आणि अकराव्या मजल्यावरच्या सरकारी फ्लॅटला ते कोण देणार. उज्ज्वलाकडे रेकॉर्डिंगची सोय नाही. वाहिनीच्या ऑफिसात तिने विचारलं. सीडी मिळेल, अर्ज करा, वेळ लागेल.

वीस वर्षं जहाजांवरचे अँटेना बसवतोय. आईला म्हटलं, बघतो काहीतरी.

सोम. ३० जुलै

आंग मो किओ, वर्कशॉप. लिमशी बोललो. लिम रोज पलीकडे मलेशियातल्या जोहोरहून, समुद्रावरचा कॉजवे ओलांडून मोटरसायकलवर कामाला येतो, बारा वर्षं माझ्या शेजारच्या बाकावर आहे. त्याने एक जुनी व्हॅन घेऊन आत पलंग, शेगडी, टेबल सगळं स्वतः बसवलंय. शनि-रवि ती घेऊन देसारूच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली मुक्काम. फुटबॉल बघायला जाळीची सहा फुटी तबकडी, छत्रीसारखी मिटणारी.

सगळं सांगितलं त्याला. भाऊ गेला हे माहीत होतंच. त्याने हात पुसले, कुठला उपग्रह, किती अंश, एवढंच विचारलं. मग म्हणाला, "कॅन लाह, जमेल. मदरला पण आण."

आईच्या मलेशिया व्हिसाचा अर्ज टाकला. पाच तारखेच्या आत होणार नाही. माझा आहे, तिकडच्या गोदीच्या कामांमुळे. पहिल्या रविवारी मी एकटा जाऊन जागा, सिग्नल बघून येणार. आईला हे पटलं.

रवि. ५ ऑगस्ट

सकाळच्या पहिल्या बोटीने चांगीहून पलीकडे पेंगेरांगला. लिम धक्क्यावर उभा होता. पाऊण तासात देसारू.

वाळूत तबकडीचं तिपायी तिकाटणं रुतायला लागलं, म्हणून खाली फळ्या टाकल्या. लेव्हल लावली. आपल्याकडे तबकडी तिरकी, दक्षिणेकडे बघते. इथे उपग्रह जवळजवळ डोक्यावर, थोडा पश्चिमेला, त्यामुळे ती आभाळाकडे तोंड करून पडल्यासारखी दिसते. पहिल्यांदा भलताच उपग्रह लागला, कुठलीशी अरबी वाहिनी. मग चॅनेलच सापडेना. दहा वाजून गेले. लिम सिग्नलचा मीटर धरून आकडे वाचत होता, मी बोट-बोटभर सरकवत होतो. दहा अठराला चित्र आलं. स्वच्छ.

विनू होता. मी आधी ओळखलाच नाही.

नव्वद किलोचा माणूस. शर्टाची कॉलर मानेभोवती नुसती उभी होती. घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरत होतं आणि तो बोलता बोलता ते परत खाली ओढत होता. वासराला जन्मल्यावर तासाभरात चीक मिळाला पाहिजे, पूजेसाठी आणि शेजाऱ्यांसाठी नंतर काढा, आधी वासराचं पोट. आवाज तोच. मधे एकदा गव्हाणीला धरून उभा राहिला.

फेब्रुवारीतलं चित्रीकरण. एप्रिलमध्ये गेला. अचानक गेला असं सगळ्यांनी सांगितलं. चार दिवस ताप, मग दवाखाना, मग

लिमने कॉफी आणून दिली.

घरी आलो. आई दारातच. म्हटलं, सिग्नल नाही लागला. पुढच्या रविवारी लागेल. जेवण गेलं नाही, बोट लागली म्हणून सांगितलं.

बुध. ८ ऑगस्ट

आईचा व्हिसा आला. उद्या नॅशनल डे, ब्लॉकच्या प्रत्येक गॅलरीत झेंडे. आईने बॅग भरायला घेतली आहे, मुक्काम एका रात्रीचा. लिमसाठी बेसनाचे लाडू. मार्चमध्ये बाथरूममध्ये पडून खुबा मोडल्यापासून ती डॉक्टरांशिवाय कुठे बाहेर गेली नाही. आता काठी घेऊन लिफ्टपर्यंत चालायची प्रॅक्टिस करते, सकाळ-संध्याकाळ. त्या खुब्यामुळेच एप्रिलमध्ये तिला नेता आलं नाही. मी एकटा गेलो, तेही सगळं उरकल्यावर पोचलो.

बायकोला, ज्योतीला, खरं काय दिसलं ते सांगितलं. ती म्हणाली, बघू दे त्यांना, मुलगा आहे त्यांचा. मी म्हटलं, तिच्या मनात तो धडधाकट आहे, तसाच राहू दे. ज्योती म्हणाली, "हे तुम्ही ठरवायचं का?"



रवि. १२ ऑगस्ट, रात्री घरी

लिहावं की नाही.

काल दुपारी लिम गाडी घेऊन आला, कॉजवेवरून गेलो. आईला व्हॅन फार आवडली. संसार मांडलाय म्हणाली. संध्याकाळी पाण्याजवळ खुर्ची टाकून दिली, तासभर बसली. लिमला हिंदीत काहीतरी सांगत होती, तो इंग्रजीत उत्तर देत होता, दोघांचं चाललं होतं.

सकाळी नऊला तबकडी लागली. मागच्या खेपेच्या खुणा होत्या, दहा मिनिटांत काम झालं. मीटर भरून वाजत होता. आई आंघोळ करून, चांगली साडी नेसून आत बसली. लिम गॅसचा सिलिंडर बदलायला गेला होता.

दहाला पाच कमी असताना मी मागचा बोल्ट सैल केला आणि तबकडी तीन अंश पूर्वेला ढकलली. परत आवळला.

पडद्यावर फक्त 'नो सिग्नल'. आईने पडद्यावरून नजर काढली नाही. मी दोनदा बाहेर जाऊन काहीतरी केल्याचं नाटक करून आलो. दहा पस्तीसला ती म्हणाली, "राहू दे. दमला असशील."

तबकडी उतरवताना लिमने मोजपट्टीवरचा आकडा पाहिला. मग माझ्याकडे. मग जाळी मिटायला लागला.

वीस वर्षांत लागलेला सिग्नल मुद्दाम घालवला असा हा पहिला.

शनि. १८ ऑगस्ट

उद्या हारी राया, म्हणजे इथली ईद. कॉजवेवर काल रात्रीपासून गाड्या हलत नाहीत. लिमने कळवलं, येऊ नका, पोचणार नाही. मला हलकं वाटलं. आईला सांगितलं तर ती हो म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

रवि. १९ ऑगस्ट

दहा वाजता आई बंद टीव्हीसमोर जाऊन बसली. मी चहा दिला. कप हातात धरून ती म्हणाली, "पहिल्या रविवारी तुला तो दिसला होता ना, मोहन?"

मी बशी तिच्यापुढे सरकवली.

"किती वाळला होता?"

म्हटलं, "खूप."

तिने मान हलवली. मग सांगितलं. विनूने तिला पौषातच सांगितलं होतं. फोनवर, मी ऑफिसात असताना. लिव्हरचं होतं, पुढे गेलेलं. दादाला सांगायचं नाही असं तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. उज्ज्वलाकडूनही.

मी विचारलं, मला का नाही?

"म्हणाला, दादाला कळलं तर तो धावत येईल. आठ दिवस राहील आणि परत जाईल. ते पाठमोरं जाणं मला बघवणार नाही."

खाली मुलं नवे कपडे घालून फिरत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी नुसता आवाज ऐकत होते रे. चार महिने. आवाजात काही कळायचं नाही. मला तो बघायचाय."

सोम. २० ऑगस्ट

कामात लक्ष नाही. एका जहाजाचा अँटेना दोनदा उलटा जोडला.

जानेवारीतला विनूचा फोन आठवतोय. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला होता, "दादा, आईला घेऊन एक चक्कर मार ना." मी म्हटलं होतं, मेमध्ये येतो, आत्ता दोन जहाजं गोदीत आहेत. तो बरं म्हणाला. त्याच आठवड्यात आईनेही दोन-तीनदा काढलं होतं, घरी जाऊन येते, एकटी जाईन, विमानात बसवून दे. तिलाही मे सांगितला. थंडीत कशाला जातेस म्हणालो.

दोघांनी विचारलं होतं. सांगितलं नाही, पण विचारलं होतं.

रवि. २६ ऑगस्ट

शेवटचा भाग. काल दुपारीच देसारू. रात्रभर पाऊस, सकाळी उघडलं. वाळू घट्ट झाल्यामुळे तिकाटणं नीट बसलं. लिमने मीटर माझ्या हातात दिला, म्हणाला, आज सगळं तूच आवळ, मी कॉफी करतो. आणि खरंच आत निघून गेला. प्रत्येक बोल्ट दोनदा पाहिला.

दहाला शीर्षकसंगीत, मग विनू.

या भागात वासराला बादलीतून दूध प्यायला शिकवत होता. दुधात बोटं बुडवायची, ती वासराच्या तोंडात द्यायची, ते चोखायला लागलं की हात हळूहळू बादलीत खाली न्यायचा. मग बोटं काढून घ्यायची. त्याला कळतही नाही, तो म्हणाला, ते पितच राहतं. वासरू ढुशा देत होतं आणि विनूला त्या धक्क्यांनी मागे सरकावं लागत होतं. तो हसत होता. खाली बसलेला उठताना बाजूच्या गड्याने त्याच्या काखेत हात घातला, तेवढ्यात चित्र बदललं.

आई पुढे सरकून बसली होती. पडद्यापासून हातभर. सबंध वेळात दोनच वाक्यं बोलली. एकदा, "दाढी नीट केलेली नाही." आणि संपत आलं तेव्हा, "बूट भिजले त्याचे."

शेवटी काळ्या पाटीवर त्याचं नाव, पुढे दोन तारखा. मग बाजारभाव सुरू झाले. सोयाबीन, तूर, गूळ. मी बंद करायला उठलो तर आईने हात धरला. सगळे बाजारभाव पाहिले तिने. सांगलीचा हळदीचा दर येऊन गेल्यावर हात सोडला.

मग रडली. एप्रिलनंतर पहिल्यांदा. लिम व्हॅनबाहेर पाठ करून उभा राहिला. मी तिच्याजवळ खाली बसलो होतो, तिची काठी नुसती धरून ठेवली.

परतताना कॉजवेवर म्हणाली, "चारातला एक तरी मिळाला." मग थोड्या वेळाने, "दुसरा परत दाखवतील का रे?"

मंगळ. २८ ऑगस्ट

उज्ज्वलाला फोन केला. मला सगळं कळलं म्हणून सांगितलं. तिने मुलांना बाहेर जायला सांगितलं. मग म्हणाली, "दादा, तुम्हाला सांगायला मी दोनदा फोन उचलला होता. ते समोरच असायचे." मुलांची चौकशी केली. मोठीची परीक्षा आहे.

तिने चारही भाग पाहिले. सहज विचारलं, दुसऱ्यात काय होतं? म्हणाली, तो घरीच घेतला होता, आपल्या गोठ्यात. गोठा कसा असावा, उतार, वारा, ऊन. आणि शेवटी त्या मुलाखतवाल्या बाईंनी विचारलं, जनावरांकडे कसे वळलात. तेव्हा घरचं बोलले. आईंचं सांगितलं. तुमचंही सांगितलं.

माझं काय?

"दादा, मला नीट नाही ऐकू आलं. मी रडत होते, आणि धाकटा कडेवर. जहाजाचं काहीतरी होतं. हसले ते सांगताना."

गुरु. ३० ऑगस्ट

सीडीचा अर्ज इथून पाठवला, टपालाने आणि इमेलने. फक्त दुसरा भाग म्हणून लिहिलं, मग चारही लिहिलं. ऑफिसात फोन लागला, एक गृहस्थ चांगलं बोलले. म्हणाले, सकाळच्या कार्यक्रमाच्या टेपा पुसून परत वापरतात, सगळ्याच राहत नाहीत. बघून कळवतो.

ज्योतीला त्या बोल्टचं सांगितलं. झोपताना म्हणाली, "आईंना सांगा. आणि लवकर सांगा."

रवि. २ सप्टेंबर

लिमचा फोन, व्हॅन रिकामी आहे, मदरला यायचंय का. आईने मला विचारलं, आज लागणार आहे का काही? म्हटलं नाही, विनूचं संपलं. तर म्हणाली नको मग.

पायाच्या डॉक्टरांनी दिवाळीनंतर विमानाला हरकत नाही म्हटलंय. आई इस्लामपूरला जाणार म्हणते. राहायलाच. उज्ज्वलाला माणूस हवं. मी अडवणार नाही.

संध्याकाळी खाली बाकावर बसलो होतो, आई आणि मी. समोर सायकली चालल्या होत्या. ती म्हणाली उज्ज्वलाशी बोलणं झालं, दुसऱ्या भागात विनू आपल्या घरचं बोलला म्हणे. मी हो म्हटलं. मग काठी दोन्ही हातांत धरून, माझ्याकडे न बघता म्हणाली,

"त्या दिवशी त्या तबकडीला काय झालं होतं रे?"

तिला संशय आहे की नुसतं विचारते आहे, कळलं नाही. म्हटलं, सांगतो. आधी वर जाऊ, दव पडतंय. लिफ्टमध्ये शेजारचे होते. वर आल्यावर ज्योतीने पानं घेतली होती.

जेवणं झाली. आई तिच्या खोलीत बसली आहे, दिवा चालू आहे, दार उघडं ठेवलंय. एरवी लोटून घेते.

हे लिहून झालं की तिच्याकडे